पेशवेकालीन पुण्याची कोतवाली आणि बाजारपेठेची राखण

१. प्रश्नाचें स्वरूप

मराठ्यांच्या राजकारणाचीं साधनें जितक्या उत्साहानें शोधलीं व छापलीं गेलीं, तितक्या उत्साहानें त्यांच्या बाजारपेठांचा इतिहास हातीं घेतला गेला नाहीं. एखादी लढाई झाली म्हणजे तिची वार्ता दहा पत्रांतून सांपडते. परंतु रविवार पेठेंतील एखाद्या कापडवाल्याच्या दुकानांतून शेल्यांची जोडी नाहींशी झाली, तर तिची दखल मुत्सद्यांच्या पत्रव्यवहारांत येण्याचें कारणच नव्हतें. तथापि शहर नांदतें तें अशाच दुकानांवर. सरदारांचे वाडे कितीहि भव्य असले, तरी वाण्याचें दुकान सकाळीं उघडेल आणि रात्रीं त्यांतील माल जागच्या जागीं राहील, ह्या भरंवशावांचून पेठ वसत नाहीं. आणि वसलेली टिकत नाहीं.

पेशवाईंतील पुण्यांत हा भरंवसा कोणीं व कसा दिला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्यासंबंधीं जें लिहिलें जातें त्यांत दोन टोंकें दिसतात. एका पक्षाच्या मतें कोतवाली म्हणजे जुलूम आणि लांच, व तिची मूर्ति म्हणजे घाशीराम. दुसरा पक्ष परकीयांनीं केलेली पुण्याच्या बंदोबस्ताची स्तुति पुढें करून समाधान मानतो. दोन्ही पक्षांची दृष्टि एकट्या कोतवालावर खिळलेली आहे. दुकानदार कोणाच्याच चित्रांत नाहीं. आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथेंच सुटतें. चोरास धरण्याचा अधिकार कोतवालापाशीं असे; परंतु चोरीचा माल ओळखण्याचें ज्ञान दुकानदारापाशीं असे. हीं दोन जेथें एकत्र आलीं तेथें बाजार सुरक्षित राहिला. आणि जेथें अधिकार हा ज्ञानापासून व तक्रारीपासून सुटा झाला, तेथें तो अधिकारच चोरीहून भयंकर ठरला. हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

२. अर्थशास्त्र व धर्मशास्त्र

हा संयोग पेशवाईंत प्रथम जन्मला असें नाहीं. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें म्हैसूर येथें कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून प्राचीन नगरव्यवस्थेचें एक दालनच अभ्यासकांस खुलें झालें. त्यांतील नागरिक नांवाचा अधिकारी हा पुढील काळच्या कोतवालाचा पूर्वज म्हणण्यास हरकत नाहीं. रात्र पडल्यावर सहा नालिका, म्हणजे सहा घटका, लोटल्या कीं वाद्य वाजे. तेव्हांपासून पहांटेच्या सहा घटका उरेपर्यंत विनाकारण फिरणारास दंड होता. सुईण, वैद्य, प्रेत नेणारे व दिवा घेऊन चालणारे यांस मात्र मोकळीक असे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें व्यापाऱ्यांवर टाकलेलें काम. व्यापाऱ्यांनीं आपल्याच धंद्याच्या परस्थ माणसास आपल्या जागीं उतरून घ्यावें. आणि भलत्या जागीं अथवा भलत्या वेळीं माल विकणारा, किंवा स्वतःच्या मालकीचा नसलेला माल विकणारा कोणी आढळल्यास त्याची वर्दी द्यावी, असा तेथें नियम आहे. कंटकशोधन ह्या चौथ्या अधिकरणांत ह्याहून पुढचें पाऊल टाकलें आहे. एखादी वस्तु हरवली वा चोरीस गेली आणि ती सांपडली नाहीं, तर त्या जातीच्या वस्तूंचा व्यापार करणारांस तें कळवावें. कळविल्यानंतर ती वस्तु हातीं येऊनहि ज्यांनीं ती दडविली, ते चोराचे साथीदार समजावे. ज्यांनीं अजाणतां घेतली, त्यांनीं ती परत केल्यास ते दोषमुक्त होत. जुनें सामान गहाण ठेवावयाचें किंवा विकावयाचें, तर बाजाराच्या अध्यक्षास कळविल्यावांचून तसें करूं नये. ज्याच्याजवळ संशयित वस्तु सांपडेल त्यानें ती वारशानें आली, विकत घेतली, घडवून घेतली कीं गहाण म्हणून ठेवली, हें स्थळ, काळ व किंमत यांसह सांगावें.

ह्या नियमांचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. चोरीच्या मालाचें वर्णन येथें केवळ सरकारी दप्तरांत पडून राहत नाहीं. तें त्या त्या धंद्याच्या माणसांच्या कानीं जातें. कांशाचें ताट चोरीस गेलें तर तें शिपायास ओळखूं येणार नाहीं, कांसारास येईल. व्यापाऱ्याचें हें जाणतेपण राज्यानें आपल्या कामीं लावून घेतलें, आणि त्या जाणतेपणाबरोबर जबाबदारीहि त्याच्या गळ्यांत बांधली. त्याच अधिकरणांत खोट्या तागडीचा व कमी मापाचा समाचार घेतला आहे, हें विसरतां कामा नये. व्यापारी हा राखणदारहि आहे आणि संशयितहि आहे, ही दुहेरी दृष्टि ह्या ग्रंथांत आरंभापासून आहे.

धर्मशास्त्रांत हाच विचार अस्वामिविक्रय ह्या व्यवहारपदाखालीं येतो. याज्ञवल्क्याच्या मतें जो हलक्या माणसापासून, एकांतीं, अत्यंत कमी किंमतीस अथवा अवेळीं वस्तु घेतो, तो घेणाराहि चोरासारखाच. घेणारानें विकणारास दाखवून दिलें म्हणजे तो शुद्ध होतो. मालकास त्याची वस्तु मिळते, व घेणारास विकणारापासून किंमत परत मिळते. ह्या स्मृतीवर विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळांत कल्याणी येथें मिताक्षरा लिहिली, आणि महाराष्ट्रांत तिचें प्रामाण्य पुढें शतकानुशतकें राहिलें. तेव्हां पेशवाईंतील शास्त्र्यांपुढें चोरीच्या मालाचा तंटा आला असतां त्यांच्या मागें हा विचार उभा होता.

३. कोतवाल हें नांव व त्याची परंपरा

कोतवाल हें नांव मराठ्यांस मुसलमानी अमदानींतील नगरव्यवस्थेंतून मिळालें. आईन-इ-अकबरींत अबुल फजल यानें कोतवालाच्या कर्तव्यांचें एक कलम दिलें आहे. मोहल्ल्यांतील घरांची व माणसांची नोंद ठेवावी, प्रत्येक मोहल्ल्यास एक प्रमुख नेमावा, येणाराजाणाराची वार्ता रोज मिळवावी, परक्यांसाठीं निराळी सराई असावी, कोणाची मिळकत किती व खर्च किती, यावर नजर ठेवावी, वजनें तपासावीं. शिवाय प्रत्येक धंद्यांतील एक माणूस त्या धंद्याचा मुख्य म्हणून व दुसरा एक दलाल म्हणून नेमावा, आणि खरेदीविक्री त्यांच्या माहितींत व्हावी. ह्या सर्वांवर कळस म्हणजे, कोतवालानें चोर व चोरीचा माल शोधून काढावा, नाहीं तर नुकसान स्वतः भरून द्यावें.

येथेंहि तीच दोन सूत्रें दिसतात. धंद्याचा मुख्य आणि दलाल यांच्याद्वारां बाजाराचें ज्ञान कोतवालापर्यंत पोंचतें. आणि माल न सांपडल्यास भरपाईचा भार त्याच्या डोक्यावर असल्यामुळें त्या ज्ञानाचा उपयोग करण्यावांचून त्यास गत्यंतर राहत नाहीं. प्रत्यक्षांत किती कोतवालांनीं पदरचें भरून दिलें, हा प्रश्न निराळा. तत्त्व म्हणून तें मान्य होतें, हें आमच्या विवेचनास पुरेसें आहे.

४. पेठा आणि शेटे-महाजन

आतां पुण्याकडे वळूं. पुणें कसब्यापासून वाढत गेलें तें पेठापेठांनीं. बुधवार, शुक्रवार, रविवार, सदाशिव, नारायण, भवानी, नाना अशा पेठा निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या पुरुषांच्या पुढाकारानें वसल्या. पेठ वसविणें म्हणजे नुसत्या जागा आंखून देणें नव्हे. परगांवच्या उदम्यांस कौल देऊन आणावें लागे, कांहीं वर्षें जकात वगैरे बाबतींत सूट द्यावी लागे, आणि त्यांच्या जीवितवित्ताची हमी द्यावी लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत साहुकारांसंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील मुख्य सांगणें हेंच कीं व्यापारी आदरानें आणून ठेवावे, व त्यांस उपद्रव लागूं देऊं नये.

ह्या कामाचा धनी शेटे-महाजन. हें वतन बाजाराचें; जसा गांवास पाटील, तसा पेठेस शेट्या. नवे दुकानदार आणून वसविणें, जागा नेमून देणें, वाण्याउदम्यांचे आपसांतील तंटे तोडणें आणि सरकारापुढें पेठेच्या वतीनें उभें राहणें हीं त्याचीं कामें. आणि त्याबद्दल दुकानांकडून मालाच्या रूपानें ठरलेला हक्क त्यास मिळे. जुन्या महजरांवर जेथें पाटलाचा नांगर उमटतो तेथेंच वाण्याउदम्यांची तागडीहि उमटलेली दिसते, हें महजर हाताळणारांस ठाऊक आहे. ती तागडी म्हणजे नुसती निरक्षराची सही नव्हे; न्यायाच्या सभेंत बाजारास स्वतःची जागा होती, याची ती साक्ष आहे.

शेट्यास शिपाई नव्हते आणि तुरुंग नव्हता. परंतु कोणतें दुकान कोणाचें, कोणाची पत केवढी, कोणता माल कोणत्या गांवचा, कोणाकडे कालपर्यंत नसलेली वस्तु आज कशी आली, हें त्यास बसल्या जागीं कळे. आज ज्यास पोलीस गुप्त बातमी म्हणतात, ती त्या काळीं पेठेच्या ओट्यावर उघडी पडलेली असे.

५. कोतवालीचीं कलमें

कोतवालाकडे काय काय होतें, हें थोरले माधवराव पेशवे (कारकीर्द इ. स. १७६१ ते १७७२) यांच्या अमदानींतील व पुढील कागदांवरून समजतें. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिशींतून व त्यांवर आधारलेल्या सुरेंद्रनाथ सेन यांच्या इ. स. १९२३ मधील इंग्रजी ग्रंथांतून हा तपशील अभ्यासकांच्या परिचयाचा झाला आहे. पेठांतील महत्त्वाचे तंटे तोडणें, जिनसांचे भाव ठरविणें, शहरांतील माणसांची गणती ठेवणें, बाहेरून येणारांची व बाहेर जाणारांची नोंद करणें, घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीवर देखरेख करणें, रस्ते व गल्ल्या यांचे वाद मिटविणें, आणि ह्या सर्वांचा हिशेब दरमहा हुजूर पाठविणें, असें त्याचें काम होतें. कोतवालाची मुख्य चावडी बुधवार पेठेंत होती; शहर वाढत गेलें तशा इतर पेठांतूनहि चावड्या झाल्या.

आजच्या दृष्टीस ही यादी विस्कळित वाटेल. भाव ठरविणाराचा चोरीशीं काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. परंतु बाजाराच्या दृष्टीनें पाहतां ह्या सर्व कामांस एकच सूत्र आहे. ज्यास रोजचा भाव ठाऊक आहे, त्यास अर्ध्या किंमतीस विकला जाणारा माल तत्काळ खटकतो. आणि अत्यंत कमी किंमत ही चोरीची खूण, हें याज्ञवल्क्यापासून चालत आलेलें अनुमान आहे. ज्याच्यापाशीं आल्यागेल्याची नोंद आहे, त्यास काल आलेला व आज निघालेला परस्थ माणूस शोधतां येतो. ज्याच्या माहितीवांचून घर विकलें जात नाहीं, त्यास एकाएकीं श्रीमंत झालेला माणूस दिसतो. भाव, माणूस आणि मिळकत, ह्या तीन नोंदी एका चावडींत जमत असल्यामुळें चोरीचा तपास हें कोतवालाचें निराळें काम राहिलें नाहीं. तें ह्या नोंदींच्या पोटांतूनच निघे.

आणि त्याच चावडींत दुकानदारावरहि नजर होती. ठरलेल्या भावाहून अधिक घेणारा, मापांत मारणारा, भेसळ करणारा वाणी हा गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें चोरच. एकाच अधिकाऱ्याकडे दुकानाची राखण व दुकानदाराची तपासणी हीं दोन्ही असल्यामुळें, व्यापाऱ्यांची बाजू घेऊन गरिबांस छळणारी अशी ती संस्था निदान तत्त्वतः तरी नव्हती.

६. रात्रीचा बंदोबस्त आणि त्याविषयींचीं साक्षें

रात्रीं ठराविक वेळीं तोफ होई, आणि त्यानंतर रस्त्यावर दिसणारास गस्तवाले धरून सकाळपर्यंत अटकेंत ठेवीत. पेशव्यांच्या पदरीं पायदळाच्या पलटणीवर असलेला विल्यम हेन्री टोन यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वर्णनांत ह्या बंदोबस्ताची फार वाखाणणी केली आहे. खुद्द पेशवे एकदां अवेळीं बाहेर पडले असतां त्यांसहि रात्रभर अडकून राहावें लागलें, अशी गोष्ट तो सांगतो. कोणते पेशवे व कोणत्या सालीं, हें तो सांगत नाहीं. तेव्हां ती गोष्ट घडलेली म्हणून नव्हे, तर लोकांत बोलली जाणारी म्हणून घ्यावी. तथापि लोक अशी गोष्ट कौतुकानें सांगत होते, यावरून तोफेच्या नियमाची छाप केवढी होती हें दिसतेंच.

ह्याहून भारदस्त साक्ष मौंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टनची. पेशव्यांपासून घेतलेल्या मुलुखासंबंधीं त्यानें इ. स. १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत पुण्याच्या कोतवालीचा खर्च दरमहा नऊ हजार रुपये असल्याचें सांगितलें असून, तींत प्यादे, स्वारांची गस्त व रामोशी असल्याचेंहि नमूद केलें आहे. शहरांत हत्यारबंद व रिकामटेकड्या लोकांची एवढी गर्दी व संपत्तीचा एवढा मोह असतांहि पुण्यांत मालमत्तेच्या असुरक्षिततेविषयीं ओरड नव्हती, असा त्याचा अभिप्राय आहे. हा माणूस पेशवाई बुडविणारांपैकीं होता. तिची स्तुति करण्यांत त्याचा कांहीं लाभ नव्हता. म्हणून ही साक्ष वजनदार होय.

परंतु दोघेहि साक्षी बाहेरचे. त्यांस तोफ ऐकूं आली, गस्त दिसली, खर्चाचा आंकडा मिळाला. ओट्यावरील वाण्यानें दिलेली वर्दी त्यांस दिसण्यासारखी नव्हती. तोफेनें रात्रीं फळी फोडणारा चोर थांबेल. भर दुपारीं गिऱ्हाईक म्हणून आलेला आणि खांद्यावरील उपरण्याखालीं वस्तु लपवून गेलेला चोर तोफेनें थांबत नाहीं. त्या चोरीचा उपाय निराळाच होता.

७. पावलांचा माग आणि मालाचा माग

खेड्यांतील चोरीचा तपास कसा चाले, हें एल्फिन्स्टननेंच सविस्तर दिलें आहे. चोरी झाली कीं गांवच्या राखणदारानें पावलांचा माग काढावा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत शिरला कीं त्या गांवच्या राखणदाराच्या स्वाधीन करावा, आणि आपण मोकळें व्हावें. ज्या गांवांत माग थांबला त्या गांवानें चोर द्यावा, अथवा यथाशक्ति नुकसान भरून द्यावें. ही पद्धति याज्ञवल्क्याच्या वचनाशीं तंतोतंत जुळते. आपल्या शिवेंत घडल्यास गांवानें भरावें, किंवा जेथें पाऊल जाईल तेथील गांवानें, असाच त्याचा आशय आहे. एवढ्या दीर्घ काळपर्यंत जिवंत राहिलेला दंडविधीचा दुसरा नियम क्वचितच दाखवितां येईल.

शहरांत मात्र पावलांचा माग चालत नाहीं. रविवारच्या बाजारांत दिवसाकाठीं हजारों पावलें एकावर एक उमटतात. तेथें निष्णात रामोशीहि हात टेंकील. शिवहि नाहीं, कीं जिच्यापलीकडे जबाबदारी सोंपवावी. मग शहरांत माग कशाचा काढावयाचा? उत्तर एकच : मालाचा. चोरास चोरीची वस्तु खातां येत नाहीं. ती कोठें तरी विकावी लागते, गहाण टाकावी लागते, किंवा मोडून आटवावी लागते. म्हणजे चोरी दुकानांतून सुरू होते आणि बहुधा दुसऱ्या दुकानांत संपते. सोन्याचा माग सोनाराच्या बागेसरीपाशीं, भांड्याचा कांसाराच्या ओट्यापाशीं, वस्त्राचा जुनें कापड घेणारापाशीं आणि रोकडीचा सराफाच्या पेढीवर येऊन थांबतो. खेड्यांतील राखणदाराचें जें काम, तेंच शहरांत धंदेवाल्याकडे जातें. खेड्यांतील शीव ती शहरांत दुकानाचा उंबरठा होते.

ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे अर्थशास्त्रांतील तज्जातीय व्यापाऱ्यांस कळविण्याचा नियम, आईनांतील धंद्याचा मुख्य व दलाल, आणि पुण्यांतील शेटे-महाजन व कोतवालाची चावडी, हीं एकाच साखळीचे दुवे दिसूं लागतात. ग्रंथाग्रंथांतून उतारे घेऊन कोणीं ही व्यवस्था रचली असें आमचें म्हणणें नाहीं. शहरी चोरीचें स्वरूपच असें आहे, कीं तिला आळा घालूं पाहणारें कोणतेंहि राज्य अखेर ह्याच जागीं येऊन पोंचतें.

८. घाशीरामाचें उदाहरण

आतां दुसरी बाजू. घाशीराम सावळदास हा इ. स. १७७७ मध्यें पुण्याचा कोतवाल झाला, आणि इ. स. १७९१ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, नाना फडणीसांच्या विश्वासावर त्या जागीं राहिला. त्याच्याविषयीं जनमानसांत जी प्रतिमा आहे ती इतिहासापेक्षां वाङ्मयानें अधिक घडविली आहे. मोरोबा कान्होबा विजयकर यांचें इ. स. १८६३ मधील त्याच्या नांवाचें पुस्तक हें चरित्र नसून नानाविध विषयांवरील संभाषणांचा संग्रह आहे, आणि इ. स. १९७२ मध्यें रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकानें त्याचें नांव देशोदेशीं नेलें, तें इतिहास म्हणून नव्हे. तेव्हां येथें एका घटनेपुरतेंच बोलूं.

इ. स. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस श्रावणी दक्षिणेसाठीं पुण्यास आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर होते. त्यांनीं कोतवालाच्या बागेंतील फळें तोडलीं, असा त्यांवर आरोप आला. तीसांहून अधिक लोकांस एका कोंदट जागेंत कोंडून ठेवण्यांत आलें. आणि कुलूप निघालें तोंपर्यंत त्यांतील सुमारे वीस जण गुदमरून मेले होते. मानाजी फांकडे यांनीं कुलूप तोडविलें असें हकीकतींत येतें. ब्राह्मणसमुदाय नानांच्या दारीं जमला, शहर खवळलें, आणि शेवटीं घाशीरामास त्या जमावाच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्याची धिंड काढून दगडांनीं त्याचा प्राण घेण्यांत आला. त्या वेळीं पुण्यास असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या लेखांतहि ह्या प्रकाराचा उल्लेख आहे.

ह्या घटनेकडे सामान्यतः क्रौर्याची कथा म्हणून पाहतात. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तींत आणखी एक धडा आहे. आरोप कशाचा होता? फळांच्या चोरीचा, म्हणजे बाजारांत रोज घडणाऱ्या हलक्यांतील हलक्या अपराधाचा. हीच फळें जर मंडईंतील माळणीच्या टोपलींतून गेलीं असतीं, तर काय झालें असतें? ओरड तिनें केली असती, शेजारच्या दुकानदारांनीं साक्ष दिली असती, पेठेंतील चार लोक जमले असते, आणि मग चावडीचा शिपाई आला असता. फिर्याद एकाची, ओळख दुसऱ्याची, अटक तिसऱ्याची, अशी वांटणी आपोआप झाली असती; आणि ह्या तीन हातांतून जातां जातां राग निवला असता. बागेच्या प्रकरणांत मात्र मालाचा धनी कोतवाल, ओळख पटविणारे कोतवालाचे चाकर, धरणाराहि कोतवाल आणि शिक्षा ठरविणाराहि कोतवालच. तिन्ही हात एका देहास लागले. कांहीं फळांसाठीं सुमारे वीस जीव गेले ते ह्यामुळें.

शेवटहि असाच. ज्या राज्यांत न्यायाधीश होते, तेथें कोतवालाची चौकशी होऊन शिक्षा व्हावी हें उचित होतें. तसें न होतां त्यास जमावाच्या हातीं दिलें. म्हणजे ज्यांची फिर्याद, त्यांचेच हातीं शिक्षा. कोतवालाच्या बागेंत जी चूक झाली, तिचीच पुनरुक्ति त्याच्या मरणांत झाली. घाशीरामाचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु त्या दिवशीं न्याय झाला असें म्हणण्यासहि आम्ही तयार नाहीं.

९. इंग्रजी अमदानी व नंतर

नोव्हेंबर १८१७ मध्यें शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें, आणि दहा वर्षांनीं मुंबई इलाख्याचा इ. स. १८२७ चा कायदेसंग्रह आला. त्यांतील बारावा कायदा पोलिसांविषयींचा आहे. पुढें इ. स. १८६० चा हिंदी दंडसंग्रह झाला. त्याच्या ४११ व्या कलमानें, चोरीचा माल आहे हें ठाऊक असतां किंवा तसें समजण्यास कारण असतां तो घेणारास तीन वर्षांपर्यंत कैद ठरविली. तें समजण्यास कारण कोणतें, याचें उत्तर शोधूं गेल्यास हलकी किंमत, अवेळ आणि एकांत ह्याच खुणा पुढें येतात. १ जुलै २०२४ पासून त्या दंडसंग्रहाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, व हा अपराध तिच्या ३१७ व्या कलमांत आला. तत्त्व तेंच राहिलें.

मग बदललें काय? फिर्याद, अटक आणि निवाडा हीं निरनिराळ्या हातीं गेलीं, हा मोठाच लाभ झाला. घाशीरामाच्या बागेंतील प्रकारास कायद्यानें आडकाठी घातली. परंतु त्याच वेळीं दोन गोष्टी निसटल्या. गांवानें अथवा कोतवालानें नुकसान भरून देण्याचें तत्त्व गेलें. त्याबरोबर माल परत मिळविण्याची निकडहि गेली. आणि भाव, वजन व पेठेची वस्ती यांचें काम निरनिराळ्या खात्यांत वांटलें गेल्यामुळें, ज्या चावडींत बाजाराचें ज्ञान सहज जमे, ती चावडी उरली नाहीं. दुकानदार हा राखणीतला भागीदार होता, तो नुसता फिर्यादी झाला.

आज दुकानादुकानांतून छायाचित्र टिपणारीं यंत्रें बसलीं आहेत, आणि चोरीनंतर पोलीस प्रथम त्यांचीच मागणी करितात. साधन नवें आहे. परंतु बाजारानें पाहावें आणि चावडीनें धरावें, हा करार जुनाच आहे. त्याबरोबर जुना धोकाहि आहे. पाहणारा, आरोप करणारा आणि शिक्षा देणारा एकच झाला, तर फळांची चोरी आणि माणसांचे जीव यांतील प्रमाण सुटावयास वेळ लागत नाहीं.

१०. एक विनंती

हें विवेचन बहुतांशीं सरकारी दप्तरांच्या व परकीयांच्या लेखांच्या आधारें झालें आहे. बाजाराची स्वतःची साक्ष निराळ्या जागीं आहे. ती आहे दुकानदारांच्या वह्यांत. रोजकीर्दींत एखादी रक्कम चोरीखातीं खर्ची पडलेली असते; खतावणींत राखणदाराचा महिना लिहिलेला असतो; सराफाच्या बाडांत गहाण टाकणाराचें नांव, गांव, वस्तूचें वजन व जामीन यांची नोंद असते. शेटे-महाजनांच्या घराण्यांत निवाडपत्रें व महजर असतात. संग्राहक मंडळी बखरी आणि मोहोरबंद पत्रें जपून ठेवितात. परंतु लाल कापडांत बांधलेली वाण्याची वही अजूनहि रद्दींत जाते, कारण तींत कोणा राजाचें नांव नसतें.

ज्या वाचकांच्या संग्रहीं अथवा ओळखीच्या घरीं अशा वह्या असतील, त्यांनीं त्या फेंकून न देतां निदान त्यांची यादी करून ठेवावी; आणि जेथें चोरी, राखण, वर्दी, जामीन अथवा चावडी असे शब्द आढळतील, त्या पानांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. कोतवालाची तोफ सर्वांस ऐकूं आली होती. ओट्यावरून दिलेली वर्दी ऐकावयाची असेल, तर ह्या वह्याच उघडाव्या लागतील.